मावशीला काय सांगू? आणि कोणत्या शब्दांत?

काळी_माती | सोमवार, रात्री ९:५०

धागा काढू की नको, यात चार दिवस गेले. आज मावशी कापूस वेचून आली, पायरीवर बसली आणि म्हणाली, "बाई, त्या डाक्टरनं काय काढलं माह्या पोटातून?" मी "गाठ होती" म्हणून वेळ मारून नेली. तेव्हापासून जेवण गोड लागलं नाही, म्हणून लिहिते.

मी यवतमाळ जिल्ह्यात शाळेवर विज्ञान शिकवते. (ओळख लागू नये म्हणून दोन-तीन गोष्टी बदलल्या आहेत, शोधत बसू नका.) मावशी बावन्न वर्षांची. तिला पाळी कधी आलीच नाही. आजीने आधी लपवलं, मग नवस केले, मग १९९१ साली लग्न लावून दिलं की संसाराला लागली म्हणजे सगळं होईल. चार वर्षांनी सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं. सोबत एक ट्रंक आणि "हे बाईच नाही" एवढं एक वाक्य. नवऱ्याने दुसरी केली. मावशी तेव्हापासून मामाकडे राहते, मजुरीला जाते. देवीचा मंगळवार आजीने लग्नाच्या वेळीच धरायला सांगितला होता, तो अजून सोडलेला नाही.

यंदा पोळा झाल्यावर तिच्या जांघेत दुखायला लागलं. हर्निया म्हणून जिल्ह्याच्या ठिकाणी एका दवाखान्यात ऑपरेशन झालं. आत दोन्ही बाजूंना गोळ्यासारखं काहीतरी सापडलं. ते तपासायला गेलं, पाठोपाठ रक्त गेलं. रिपोर्टात आलं : गुणसूत्रं ४६, एक्सवाय. आणि काढलेले गोळे म्हणजे वृषणं. डॉक्टरांनी माझ्या मामेभावाला वऱ्हांड्यात उभ्याउभ्या सांगितलं, "तुमची आत्या खरं तर पुरुष आहे." शेजारी वॉर्डबॉय उभा होता. मामेभाऊ त्या दिवसापासून तिच्या हातचा चहा घेताना खाली पाहतो.

मी दरवर्षी नववीच्या फळ्यावर लिहिते, एक्सएक्स मुलगी, एक्सवाय मुलगा, आणि खाली दोन रेघा मारते. मुलगी झाली म्हणून सुनेला बोल लावू नका, वाय बापाकडून येतो, हे घरी जाऊन सांगा, असंही ठणकावून सांगते. त्याच दोन रेघांनी आता माझी मावशी पुरुष ठरते आहे.

तिला सांगावं का? आणि सांगायचं तर कशा शब्दांत? माझ्याजवळ "लिंग" हा एकच शब्द आहे आणि तो तिच्यासमोर उच्चारायची माझी छाती नाही.

गोठ्यावरचा | सोमवार, रात्री १०:२०

मॅडम, मान्साचं मले जास्त समजत नाही, ढोरायचं समजते. पस्तीस वर्सं ढोरायच्या दवाखान्यात नौकरी केली.

गाय जुळं व्याली अन् त्यातलं एक गोऱ्हा, एक कालवड असलं, तं जुने लोकं कालवड ठेवतच नव्हते. म्हनत हे गाभन राह्यत नाही. आमाले वाटे, असंच काही तरी म्हनत असन. मंग आमच्या सायबानं समजावून सांगितलं. पोटात दोघायच्या वारीतल्या रक्ताच्या नया एकमेकीले जुळून जाते. गोऱ्ह्याच्या अंगातला रस कालवडीच्या अंगात जाते. तिची पिशवी मंग धड वाढतच नाही. शंभरातल्या नव्वदाहून जास्त अशा कालवडी वांझ निघते. बाहेरून पाहाल तं साजरी कालवड.

पन एक सांगू का? वांझ निघाली म्हनून तिले कोनी गोऱ्हा म्हनल्याचं म्या आयकलं नाही. कालवड ते कालवडच. ढोराले जे कळते ते आपल्याले काहून कळत नाही, देव जाने.

आडवा_प्रश्न | सोमवार, रात्री ११:०५

मावशींबद्दल वाईट वाटलं. पण भावनेच्या भरात विज्ञान वाकवू नका. लिंग दोनच. मोठं, अन्नसाठा असलेलं बीज करते ती मादी. लहान, पळणारं बीज करतो तो नर. तिसरं बीज आजवर कोणी दाखवलेलं नाही. माणूस घ्या, बैल घ्या, गुलाबी बोंडअळीचा पतंग घ्या. शेतात आपण कामगंध सापळे लावतो, त्यात मादीच्या वासावर फक्त नरच येऊन पडतात. त्यांना काही शंका पडत नाही. वृषणं सापडली असतील तर डॉक्टर बोलायला उद्धट होता, चूक नव्हता. आजकाल ज्याला त्याला सगळीकडे इंद्रधनुष्य दिसतं.

ठिबक | सोमवार, रात्री ११:३०

आडवा भाऊ, बोंडअळीचंच निघालं म्हणून सांगतो. पतंगांत उलटं असतं. दोन वेगळी गुणसूत्रं मादीकडे, दोन सारखी नराकडे. कोंबडीतही तसंच, पिल्लू नर की मादी ते कोंबडीवर ठरतं. मॅडमच्या फळ्यावरची रेघ कोंबड्यांच्या शाळेत चालायची नाही :)

पीएचसीवाला | मंगळवार, सकाळी ७:१०

डॉक्टर नुसता उद्धट नव्हता, चूकही होता. ओपीडी नऊला सुरू होते, तोवर सांगतो.

गर्भ सहा आठवड्यांचा होईपर्यंत एक्सएक्स काय नि एक्सवाय काय, आतली मांडणी सारखी. कच्ची ग्रंथी एकच, ती कोणत्याही बाजूला जाऊ शकते. नळ्यांच्या जोड्या मात्र दोन्ही हजर असतात, एक गर्भाशयाची, एक शुक्रवाहिनीची. म्हणजे प्रत्येकाकडे दोन्ही घरांचं सामान येऊन पडलेलं असतं. वाय गुणसूत्रावर एसआरवाय नावाचा एक जनुक आहे, तो १९९० साली सापडला. तो जागा झाला की कच्ची ग्रंथी वृषणाच्या वाटेला लागते. मग वृषण दोन कामं करतं. एक संप्रेरक सोडून गर्भाशयाच्या नळ्या विरघळवतं. दुसरं, टेस्टोस्टेरॉन सोडतं. पुढची सगळी पुरुषी बांधणी त्याच्या हुकमाने होते.

पण टेस्टोस्टेरॉन स्वतः काही बांधत नाही, ती नुसती दवंडी आहे. दवंडी ऐकायला पेशीत कान लागतात. त्या कानाला ग्राही म्हणतात, आणि तो बनवणारा जनुक एक्सवर असतो. मॅडम, तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मावशींचा तोच जनुक बिघडलेला दिसतो. कोतवाल पोटात असल्यापासून दवंडी देतोय आणि सारं गाव ठार बहिरं. पहिल्या कामाला हे कान लागत नाहीत, म्हणून गर्भाशय बनलं नाही. दुसऱ्याला लागतात, म्हणून बाहेरची सगळी घडण मुलीची झाली. वयात येताना त्याच टेस्टोस्टेरॉनचं शरीरात इस्ट्रोजेन होतं, म्हणून छाती भरते. काखेत केस जवळजवळ नसतात. पाळी येत नाही, येऊच शकत नाही. याला अँड्रोजेन असंवेदनशीलता म्हणतात. पुष्कळदा लहानपणी मुलीचा हर्निया निघतो तेव्हाच हे कळतं, तुमच्याकडे बावन्नाव्या वर्षी कळलं.

आडवा_प्रश्न, बीजं दोनच, कबूल. पण मावशींच्या ग्रंथींनी कोणतं बीज दिलं? कुठलंच नाही. तुमच्याच मोजपट्टीने त्या नर ठरत नाहीत. आणि पुरुषी रसाचं म्हणाल तर तुमच्या-माझ्या घरच्या बायकांच्या शरीरातही थोडं टेस्टोस्टेरॉन असतं आणि ते आपलं काम करतं. मावशींच्या शरीराने तेवढंही कधी ऐकलेलं नाही. आता सांगा, पुरुष कोण?

मॅडम, दोन कामाच्या गोष्टी. ग्रंथी काढल्या म्हणजे इस्ट्रोजेनचा झराही गेला, त्यामुळे हाडांची घनता तपासून घ्या आणि एखाद्या एंडोक्रिनॉलॉजिस्टला, म्हणजे संप्रेरकांच्या डॉक्टरला, दाखवा. दुसरं, हा बिघाड बहुतेक वेळा आईकडून येतो. तुमच्या आजी वाहक असतील तर तुमची आई आणि पुढे तुम्हीही असू शकता. वाहक बाईला काही त्रास नसतो, पण घरात एखाद्या मुलीला सोळाव्या वर्षापर्यंत पाळी आली नाही तर नवस न करता माझ्यासारख्याकडे या.

काळी_माती | मंगळवार, दुपारी १:४०

मधल्या सुट्टीत वाचलं. दोनदा वाचलं. "सारं गाव बहिरं" इथे थांबले. डॉक्टर, सोळावं वर्ष लिहिलंत, माझी थोरली चौदाची आहे. तिला गेल्या वर्षी आली. आली तेव्हा मी रडले होते, का रडले ते आज कळलं.

नववीच्या पुस्तकात क्लाइनफेल्टर आणि टर्नर आहेत. एक्सएक्सवाय आणि नुसता एक एक्स. दोन्ही मी "विकार" म्हणून तीन मिनिटांत उरकते, कारण मागच्या बाकावरची पोरं हसतात.

पीएचसीवाला | मंगळवार, दुपारी २:१५

हसू द्या पण शिकवा. साधारण सहाशे मुलग्यांत एक एक्सएक्सवाय असतो, अडीच हजार मुलींत एक टर्नरची. तालुक्यातल्या शाळा धरल्या तर कोणीतरी त्या बाकांवरही बसलेलं असेल.

आणखी एक, ओरडून सांगण्यासारखं. बाळ जन्मलं आणि मुलगा की मुलगी ते दिसून कळत नसेल तर लपवू नका. त्यातल्या काही बाळांच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीत दोष असतो, अंगातलं मीठ निघून जातं, पहिल्या दोन-तीन आठवड्यांत उलट्या होतात, बाळ सुस्तावतं आणि दगावतं. औषध स्वस्त गोळीचं आहे. लोक लाजेपोटी बाळंतिणीची खोली बंद करतात आणि मग "दृष्ट लागली" म्हणतात. याच्या उलट टोकाला, घाई करून तान्ह्या बाळावर शस्त्रक्रिया करून "एकदाचं मुलगी करून टाका" म्हणणारेही भेटतात. मद्रास उच्च न्यायालयाने २०१९ साली एका निकालात अशा कापाकापीला आळा घालायला सांगितलं आणि तामिळनाडूने तसा आदेश काढला. जीव धोक्यात नसेल तर थांबावं, मूल मोठं होऊन स्वतः बोलेल.

वरूडची_संत्री | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

आमच्या अमरावती जिल्ह्यातली एक गोष्ट. माधानचे गुलाबराव महाराज, जन्म १८८१, बालपणीच दृष्टी गेली. ते स्वतःला ज्ञानेश्वरकन्या म्हणवत, श्रीकृष्णाची पत्नी मानत, कुंकू लावत, मंगळसूत्र घालत. घरी बायको होती, मूल होतं. १९१५ मध्ये गेले. आमची आजी त्यांचं नाव हात जोडून घ्यायची, गावात कोणी त्यांची टर उडवलेली ऐकली नाही. आज एखादा पोरगा कुंकू लावून बसस्टँडवर उभा राहिला तर काय होईल?

चिखलदऱ्याला वैराट दाखवतात, भीमाने कीचक मारला ती दरी दाखवतात. त्याच विराटाकडे अर्जुन बृहन्नडा होऊन नाच शिकवत होता, ते मात्र कोणताही गाइड सांगत नाही.

आडवा_प्रश्न | मंगळवार, संध्याकाळी ७:००

महाराजांना यात ओढू नका. ती मधुराभक्ती होती. भक्ताने स्वतःला देवाची पत्नी मानणं ही जुनी वाट आहे, तिला आजची लेबलं लावणं हा महाराजांवर अन्याय.

वरूडची_संत्री | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

लेबल मी लावलंच नाही. गावाने मंगळसूत्र पाहिलं आणि पाया पडलं, एवढंच म्हटलं. शरीर तेच, पोशाख तोच, पण कारण पटलं की गाव बदलतं.

झाडीपट्टी_रात्र | मंगळवार, रात्री ८:४५

आमच्याकडे भंडारा-गोंदियात खडी गंमत या लोकनाट्यात नाच्या असते. लुगडं नेसते, पदर सावरते, सकाळी नांगर धरते. बायको-पोरं सगळं. त्याला रात्री "बाई" म्हणतात, सकाळी "भाऊ". पण नाच्याचं काम सुटलं आणि चाल मात्र तशीच राहिली की मग तोच गाव त्याला नावं ठेवते. स्टेजवर चालते, पाणवठ्यावर चालत नाही.

[संपादक : येथील एक प्रतिसाद काढला आहे. शिवीचा शब्द वापरून विनोद करायचा असेल तर दुसरीकडे जा.]

निळी_बांगडी | मंगळवार, रात्री १०:१०

काढलेला प्रतिसाद मी वाचला होता. बसस्टँडवर रोजच ऐकते, त्यात काही नवीन नाही.

मी बुलढाणा जिल्ह्यातली. सातवीपर्यंत मुलांच्या रांगेत उभी राहिले, प्रत्येक प्रार्थनेला. माझा रिपोर्ट काढला तर एक्सवायच येईल आणि डॉक्टर म्हणतात ते कानही माझे ठीक असतील, मिसरूड फुटली तेव्हा मी तुळशीपाशी बसून रडले होते. म्हणजे माझी गोष्ट मावशींसारखी नाही. त्यांची घडण वेगळी आणि मनाने त्या पहिल्यापासून बाई. माझी घडण नेहमीची, पण मन त्या रांगेत बसत नव्हतं. लोक दोघींना एकाच शब्दात कोंबतात, म्हणून स्पष्ट करते. कृपा करून मावशींना "तुम्ही तृतीयपंथी आहात" असं सांगायला जाऊ नका. त्या नाहीत. मी आहे.

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने आम्हाला तिसरं लिंग म्हणून मान्यता दिली. आपण बाई, पुरुष की तिसरं हे ज्याचं त्याने ठरवावं, असंही त्याच निकालात आहे. जळगाव जिल्ह्यात भादली बुद्रुकला ग्रामपंचायतीला आमच्यातल्या एकीने महिला राखीव जागेवर फॉर्म भरला, तो नाकारला गेला. औरंगाबाद खंडपीठाने जानेवारी २०२१ मध्ये तिला उभं राहू दिलं आणि ती निवडूनही आली. माझी आई अजून मला फोनवर "तू" म्हणते आणि पुढचं क्रियापद गिळते.

पुण्यातला_वऱ्हाडी | मंगळवार, रात्री ११:२५

क्रियापद गिळण्याची गरजच नाही हो, आपल्या बोलीत! "तो येते, ती येते, ते येते." पुण्यात हॉस्टेलला पहिल्या दिवशी मी "बाबा येते" म्हणालो तर अख्खी मेस हसली. आम्ही अशुद्ध ठरलो. पण नीट पाहिलं तर वर्तमानकाळात वऱ्हाडीने बाई-पुरुषाची भानगडच मिटवलेली आहे. आईंना म्हणा, वऱ्हाडीत बोलत जा, "माहं लेकरू आता येते." लेकरू तर तसंही नपुंसकलिंगी. भूतकाळ मात्र अवघड, "आला" की "आली" तिथे बोलीही अडते.

काळी_माती, तुमचा शब्दांचा प्रश्न खरा आहे. मराठीत व्याकरणाचं लिंग, शरीराचं लिंग आणि समाजाने घालून दिलेलं बाईपण-पुरुषपण या तिन्हींना एकच शब्द. पुस्तकी लोकांनी तिसऱ्यासाठी "लिंगभाव" काढला, विद्यापीठात चालतो, पायरीवर चालणार नाही. मी असतो तर दोनच साधे शब्द वापरले असते. शरीराची घडण. गावाची रीत. घडण पोटात ठरते, रीत ओट्यावर.

आणि व्याकरणाचं म्हणाल तर तुमच्याच शेतात पहा. कापूस तो, पऱ्हाटी ती, बोंड ते. एकाच झाडावर तिन्ही नांदतात. फुलात तर पुंकेसर-स्त्रीकेसर एकत्रच.

पऱ्हाटीवाली | बुधवार, पहाटे ५:१५

झोप लागत नाही म्हून लिहून राह्यली. रीत म्हनलं तं मले बी काही सांगाचं हाये.

सरकी टोबनं बाईचं. निंदन बाईचं. येचनी बाईची. वखर, डवरा, फवारा मानसाचा. हे कोन्या गुनसूत्रात लिवलं हाये डाक्टर? मालक गेले तवा सोयाबीन गुडघ्याएवढं होतं अन् तन त्याच्याहून वर. डवऱ्याले मानूस भेटेना. तिसऱ्या दिवशी मीच बैलं जुपली अन् डवरा हाकलला. बांधावर चार म्हतारे येऊन उभे राह्यले. एक म्हने, "बाईनं औत धरलं तं पानी पडत नाही." त्या सालात पानी एवढं पडलं का नाल्याकाठचं वावर खरडून गेलं. मंग तेच म्हतारे म्हने, "बाईनं औत धरलं म्हून."

दुसऱ्या सालापासून लोकं म्हनू लागले, "ते बाई नाही, मानूसच हाये." कवतिक म्हून म्हनत. मावशीले टाकून देतानी बी हेच म्हनलं ना? तिले "बाई नाही" म्हनून हाकललं, मले "बाई नाही" म्हनून पाठ थोपटली. शब्द एकच. तिच्या पोटात पिशवी नाही म्हून, माह्या हातात कासरा हाये म्हून.

अन् सातबाऱ्यावर चढाले मले तीन वर्सं लागले. दिराचं म्हननं, बाईले कायले पायजे वावर. आमच्या सासऱ्यानं शरद जोशींच्या सभेत लक्षुमीमुक्तीची, म्हंजे बायकोच्या नावानं वावर कराची, शपथ घेतली होती म्हने, मोठ्या हौसेनं. शपथ राह्यली सभेत.

गोठ्यावरचा | बुधवार, सकाळी ६:०५

ताई, दंडवत.

आडवा_प्रश्न | बुधवार, सकाळी ९:३०

पऱ्हाटीवाली ताईंच्या प्रतिसादाला माझ्याकडे उत्तर नाही. कामाची वाटणी ही रीत, हे मान्य. डॉक्टरांचा मुद्दाही रात्री पुन्हा वाचला. बीजं दोन हे मी सोडणार नाही, पण त्यावरून प्रत्येक माणसाच्या कपाळावर शिक्का मारता येतो असं मी गृहीत धरलं होतं, ते चूक.

तरी एक शंका. खेळाचं काय? तिथे तर रेघ मारावीच लागेल.

पीएचसीवाला | बुधवार, सकाळी ९:४५

रेघ मारणारे स्वतःच दर काही वर्षांनी ती पुसून नवी मारतात. २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत तामिळनाडूच्या एका धावपटूचं ८०० मीटरचं रौप्यपदक लिंगचाचणीवरून काढून घेतलं. वीटभट्टीवरच्या मजुराची पोर. काढताना तिची इभ्रत साऱ्या देशाच्या टीव्हीवर काढली. खेळात न्याय कसा करायचा हा खरा अवघड प्रश्न आहे, त्यासाठी वेगळा धागा काढा. मावशी कुणाशी धावणार नाहीत. त्या दिवसाला चाळीस किलो कापूस वेचत असतील तर ते पदक मी देतो.

ठिबक | बुधवार, दुपारी १२:००

मॅडम, सांगायला पपईचा उपयोग होईल का पहा. माझ्याकडे दीड एकर आहे. जुन्या जातीत नर झाड वेगळं, मादी वेगळं. खड्ड्यात तीन रोपं लावायची, फुलं आल्यावर कळतं, जास्तीचे नर उपटायचे. नवीन तैवान जातीत दोन प्रकार, नुसती मादी आणि दोन्ही असलेलं. दोन्ही असलेल्याला लांबट फळ येतं, बाजारात त्यालाच भाव. आणि आपल्या उन्हाळ्यात, पारा पंचेचाळीसच्या वर गेला की हेच दोन्हीवालं झाड महिना-दीड महिना नुसती नर फुलं देतं. मृगाचा पाऊस झाला की पुन्हा फळ धरतं. आम्ही त्याला कधी हाकललं नाही. बांधावरचा कोणता म्हातारा याला नावं ठेवत नाही.

पुण्यातला_वऱ्हाडी | बुधवार, दुपारी १२:२०

नर उपटायचे हे मात्र मावशींना सांगू नका :)

काळी_माती | पुढचा बुधवार, रात्री ९:१५

आठ दिवस गप्प होते, माफ करा. शनिवारी अर्धी शाळा करून मामाकडे गेले. मामेभावाला आधी गोठ्यामागे नेलं आणि डॉक्टरांनी इथे लिहिलेलं सगळं मोबाइलवर वाचायला दिलं. त्याला वेळ लागला, दहावीपर्यंतच शिकलाय. वाचून झाल्यावर म्हणाला, "मंग त्यानं मले तसं काहून सांगितलं?" उत्तर माझ्याजवळ नव्हतं.

मावशी अंगणात शेंगा फोडत होती. मी पण बसले फोडायला. पपईपासून सुरुवात केली, ती फसली, कारण ती म्हणाली, "बाई, मले पपई नको सांगू, माह्या पोटाचं सांग." मग सरळ सांगितलं. लेकरू पोटात असताना आधी सगळ्यांची घडण सारखी असते. मग कुणाची या वाटेने जाते, कुणाची त्या. तुझी त्या वाटेने निघाली होती, पण अर्ध्यातून इकडे वळली. म्हणून पिशवी झाली नाही, म्हणून पाळी नाही. जे गोळे काढले ते त्या जुन्या वाटेचे उरलेले. बाकी तू जशी आहेस तशीच होतीस, आणि तशीच आहेस. "वृषण" शब्द वापरला नाही. तिने विचारलं असतं तर वापरला असता. विचारलं नाही.

बराच वेळ शेंगा फुटत होत्या नुसत्या. मग म्हणाली, "म्हंजे मी पोटातच अशी होती?"

हाव, म्हटलं.

"सासऱ्यानं आनलेल्या दवाईनं नाही?"

नाही.

"आंबट खाल्लं म्हून नाही? मोठी माय म्हने, हे लहानपनी लय चिचा खाये."

नाही गं.

"अन् देवीचं बी काही नाही त्यात."

मी नाही म्हटलं. तिने शेंगांची टरफलं सुपात गोळा केली, उठली, बकरीपुढे टाकली. परत येऊन बसली आणि बोटांवर काहीतरी मोजत राहिली. मला वाटलं मजुरीचा हिशोब आहे. म्हणाली, "चौतीस सालाचे मंगळवार किती होते?"

मी मोबाइलवर गुणाकार केला. सतराशे अडुसष्ट. आकडा सांगितला तेव्हा ती हसली, पदराने तोंड झाकून, लहान पोरीसारखी. मग रडली.

काल मंगळवार होता. मामेभावाचा सकाळी आठला फोन आला. आत्याने पोहे खाल्ले. दोन वेळा मागून घेतले. आणि चहा तिनेच केला सगळ्यांचा.

पऱ्हाटीवाली | पुढचा बुधवार, रात्री ९:४०

पोह्यावर तर्री होती का?

काळी_माती | पुढचा बुधवार, रात्री ९:४२

हाव. लय तिखट.